पुढे धोका आहे

सह्याद्रीत गड जवळ आला हे पूर्वी कसं ओळखायचे, ते सांगणारी मंडळी अजून हयात आहेत. झाडी दाट व्हायची, वाट एका माणसापुरती उरायची, विहिरीवरच्या बाईला विचारलं की ती डोक्यावरचा हंडा न उतरवता हनुवटीनंच दिशा दाखवायची, आणि तासाभरात बुरूज दिसायचा. हल्ली इतके कष्ट नाहीत. पाट्या लागल्या की गड आला असं समजावं. आणि पाट्यांमागे गड दिसेनासा झाला, की आपण अगदी पायथ्याशी पोचलो असं समजायला हरकत नाही.

मागच्या पावसाळ्यात आम्ही शाखेतले सहाजण अशाच एका गडावर गेलो. गडाचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. मी बँकेत कारकून, त्यातून कॉमर्सचा पदवीधर. समोर ढिगानं काही दिसलं की ते मोजल्याशिवाय मला पुढे सरकवत नाही. चौदा पाट्या भरल्या. पुरातत्त्वाची निळी, वनखात्याची हिरवी, ग्रामपंचायतीची, पोलीस ठाण्याची, शिवाय निरनिराळ्या मंडळांच्या. गडावर मद्यपान करू नये. प्लॅस्टिक नेऊ नये. पाण्यात उतरू नये. माकडांना खाऊ घालू नये. मधमाश्यांना डिवचू नये. भिंतींवर नावं कोरू नयेत. सेल्फी काढू नये. तीन पाट्यांवर कड्यापासून दूर राहायला बजावलं होतं. कडा कुठल्या बाजूला आहे हे मात्र एकीवरही नव्हतं. एक पाटी कुण्या भाऊंच्या वाढदिवसाची होती. ती मी धोक्याच्या सूचनांतच धरली.

अर्ध्या वाटेवर पंधरावी लागली. वर मोठ्या अक्षरांत, दरड कोसळण्याची शक्यता असल्याने येथे थांबू नये. खाली बारीक अक्षरांत अकरा सूचना. आमच्या हेडकॅशियरांनी आयुष्यात एकही कागद पुरता न वाचता खाली ठेवलेला नाही. ते त्या कड्याखाली उभे राहिले, पावसानं भिजलेला चष्मा पुसला आणि अकराच्या अकरा कलमं मोठ्यांदा वाचून काढली. वरून दोन लहान दगड घरंगळत आले तेव्हा ते नवव्या कलमावर होते.

"दहाव्यात पुन्हा तेच आहे हो," ते आम्हांला ओरडून म्हणाले, "थांबू नये म्हणून!"

पाटी माणसासाठी नसते, फायलीसाठी असते, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्या काउंटरवरही एक आहे. काउंटर सोडण्यापूर्वी नोटा मोजून घ्याव्यात, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, काय काळजी घेतात ही माणसं! घेतात हे खरं. कुणाची, ते वाक्याच्या उत्तरार्धात आहे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातलं सोळावं कलम आम्हांला बी.कॉम.ला होतं, कॅव्हिएट एम्प्टर नावाचं. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं, हा त्याचा अर्थ. गडाच्या पायथ्याशी त्याच कलमाला गवत फुटलेलं असतं. चढणाऱ्यानं आपलं आपण बघावं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पाटी म्हणजे एक जमाखर्ची नोंद आहे. 'खात्याची जबाबदारी' खाते, नावे. 'पर्यटकाची जबाबदारी' खाते, जमा. तपशील, पाटी लावली सबब. दोन्ही बाजू जुळतात. ऑडिटरची हरकत नाही.

आता ही नोंद नेमकी कधीपासून पडायला लागली, याचा मी सवडीनं थोडा शोध घेतला. रविवारी दुपारी घरचे झोपल्यावर काहीतरी करावं लागतंच.

जुन्नरकडून कोकणात उतरणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपासून चालता आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तिथल्या लेण्यात भिंतभर कोरलेला आहे, ब्राह्मी लिपीत. विचार करा, भर वाटेवरची जागा, एवढी मोठी भिंत हाताशी, राजसत्ता पाठीशी. आजचा कुठलाही साहेब असता तर घाट उतरताना डोंगराच्या बाजूनं चालावे, हे पहिल्या ओळीत आलं असतं. नागनिकेच्या लेखात आहे काय? कोणकोणते यज्ञ केले, आणि त्यांत दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले. भाषांतर वाचताना मला कचेरीत बसल्यासारखं वाटलं. शुद्ध खतावणी आहे. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात. म्हणजे त्या काळी प्रवाशाकडून पैसे घेत, पण सल्ला देत नसत. हल्ली पार्किंगचे घेतात, आणि सल्ला वर.

धमकीची पाटी आपल्याकडे आली ती त्यानंतर हजारएक वर्षांनी, शिलाहारांच्या राज्यात. कोकणात ठिकठिकाणी गद्धेगाळ नावाचे दगड उभे आहेत. वर चंद्रसूर्य, मध्ये कोरीव लेख, आणि खाली एक गाढव व एक स्त्री यांचं असं शिल्प की त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. हे पुस्तक घरात कुणाच्याही हाती पडू शकतं. राजानं कुणाला जमीन, बाग, उत्पन्न दान दिलं, ते जो कुणी मोडील त्याच्या मातोश्रींविषयी ते शिल्प आहे. चंद्रसूर्य असेतो हा नियम चालू, हा वरच्या भागाचा अर्थ. मुदत आणि दंड दोन्ही चित्रातच दिलेले, म्हणजे निरक्षरालाही सवलत नाही. परळला सापडलेला अपरादित्याचा ११८७ सालचा शिलालेख तर मला फारच आवडतो. त्यात दानाचा तपशील संस्कृतात आहे आणि शिवी मराठीत. ज्याला जे कळायला हवं ते त्याच्या भाषेत! राज्यकारभार मराठीतून व्हावा म्हणून पुढे चळवळी झाल्या, पण त्याची सुरुवात कुठल्या खात्यापासून झाली होती हे कुणी सांगत नाही.

पण हे झालं मालमत्तेचं. रानातून चालणाऱ्याला सावध कोण करायचं? त्याचं काम शेंदूर करायचा. जिथे वाघ असेल तिथे वाघोबा, जिथे घाट अवघड असेल तिथे घाटनदेवी नाहीतर वाघजाई. शेंदूर फासलेला दगड दिसला की माणूस आपोआप थांबायचा, वहाणा काढायचा, हात जोडायचा, घटकाभर टेकायचा. दम खाऊन व्हायचा, मागे राहिलेले सोबती गाठायचे, उजेड किती उरला ते दिसायचं. बिनअक्षरी पाटी, आणि माणूस तिच्यापुढे वाकत होता. वरंधा घाटात वाघजाईचं देऊळ आहे, आणि त्याच्याजवळच्या भज्यांच्या टपऱ्या तर ठाऊक असतीलच. गरम भजी समोर आल्यावर घाईनं पुढचं वळण घ्यायला जाणारा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही. रस्ता सुरक्षेत भज्यांनी केलेल्या कामगिरीची नोंद कुठल्याच अहवालात सापडत नाही, हा अन्याय आहे.

या सगळ्या शोधात एका कागदापाशी मात्र मी थबकलो. १६७३ सालचं ते पत्र आहे, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना धाडलेलं. उन्हाळा चालू होता, पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवलेली होती, आणि आगीची भीती होती. आजचा कुणी असता तर 'आगीपासून सावधान' असं लिहून मोकळा झाला असता. महाराजांनी सविस्तर समजावलं आहे. कुणी नको तिथे चुली पेटवील, कुणी गवताच्या जवळ विस्तव नेईल, कुणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल. मग उंदीर येईल, जळती वात तोंडात धरून नेईल, ती गवतात पडेल, वैरण जाईल, घोडी उपाशी मरतील. आणि मग तुम्ही रयतेकडे दाणा-गवत मागत फिराल, ओरबाडाल, आणि रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरा होता. एका उंदरापासून राज्याच्या अब्रूपर्यंत साखळी जोडून दाखवली आहे. पुढे आणखी बजावलं आहे, की एकदा जळल्यावर कुणाच्या माना मारल्या काय आणि कारकुनांना ताकीद दिली काय, जळलेलं काही परत यायचं नाही.

कारकुनांना ताकीद! तीनशे पन्नास वर्षं होऊन गेली, पण चूक झाल्यावर आधी कुणाकडे बघतात हे बदललेलं नाही. ते असो. मला त्या पत्रात आवडतो तो उंदीर. ज्या माणसाला उंदीर दिसतो, त्याला समोरच्याचं भलं हवं असतं. चौदा पाट्यांत मला एकही उंदीर सापडला नाही.

गडांची तर आणखीच गंमत. ते मुळात धोकादायकच असावेत अशी योजना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची वाट सोपी असू नये, असली तर ती मोडून तिथे झाडी वाढवावी, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे आपण आज पायथ्याशी 'चढण अवघड आहे' म्हणून जे जाहीर करतो, ते त्या काळी बांधकाम खात्यानं काम पुरं झाल्याचा दाखला म्हणून लिहिलं असतं. रायगडच्या हिरकणीची कथा सगळ्यांना पाठ आहे. दूध घालायला आलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं मूल, आणि रात्रीच्या अंधारात ती कडा उतरून गेली. सकाळी महाराजांना कळलं. आजच्या पद्धतीनं तिच्यावर गुन्हा नोंदवून कड्यावर पाटी लागली असती. कथेतल्या महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि त्या जागी बुरूज बांधला. ज्या फटीतून माणूस उतरू शकतो ती फट बुजवणं, हाही सूचना देण्याचाच प्रकार. फक्त त्याला चुना आणि दगड लागतो.

इंग्रजांची रीत तिसरीच. १८१८ नंतर त्यांनी कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवून दिले. 'वर जाऊ नये' हे सांगायचा याहून थोडक्यातला मजकूर मला माहीत नाही. मग त्याच इंग्रजांना शतक संपता संपता जुन्या वास्तूंचा उमाळा आला आणि कर्झनच्या आमदानीत, १९०४ साली, त्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा आला, आणि त्याच्याबरोबर ती ओळखीची निळी पाटी. नासधूस करणं, हलवणं, इजा करणं, बदलणं, विद्रूप करणं, धोक्यात आणणं, गैरवापर करणं अशी सात क्रियापदं एका दमात घेणारी. शिक्षा तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. २०१० साली दुरुस्ती होऊन ती दोन वर्षं आणि एक लाख झाली. मी लगेच हिशेब केला. दंड वीसपट, कैद फक्त आठपट. बावन्न वर्षांत पाच हजारांचे लाख म्हणजे दरसाल जवळजवळ सहा टक्के चक्रवाढ. आमच्या मुदत ठेवीला तेवढं मिळालं तरी पुष्कळ झालं. इतकं असूनही 'बंड्या लव्ह सुनीता' हे निळ्या पाटीच्याच पाठीवर लिहिलेलं असतं. पाटी ही वास्तू नव्हे, असं बंड्याचं म्हणणं असावं. कायदा वाचून लिहिणारा दिसतो.

अलीकडच्या पाट्यांची पैदास मात्र पावसाळी आहे. जून उजाडला की धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. वर्षानुवर्षं ते कलम १४४ खाली निघत. सगळ्या महाराष्ट्राला तो आकडा पाठ झाला होता. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि १४४ चं १६३ झालं. भर हंगामात सगळ्या पाट्या शिळ्या!

याचा आनंद झाला तो आमच्या एका खातेदाराला. तो पाट्यांचा धंदा करतो. वडील रंगारी होते, ब्रश घेऊन डबड्यावर बसून रंगवायचे. यानं आमच्याच शाखेतून कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घातलं आहे. सगळ्या इतिहासाचा अर्थ मला पुस्तकांनी सांगितला नाही तो यानं एका वाक्यात सांगितला.

"वडील अक्षरावर पैसे घ्यायचे, साहेब. आम्ही चौरस फुटावर घेतो."

मी पेन खाली ठेवलं. एवढी साधी गोष्ट! दगडावर एक एक अक्षर छिन्नीनं काढायचं तेव्हा माणूस एकच शिवी निवडून घेत होता. ऑइलपेंटला अक्षरामागे पैसे पडत तेव्हा 'पुढे धोका आहे' यापलीकडे ग्रामपंचायत जात नव्हती. आणि त्या तीन शब्दांना माणूस भीत होता. आता अक्षर फुकट झालं. मग अकरा कलमं, वर बोधचिन्ह, बाजूला तीन साहेबांचे फोटो, खाली 'सौजन्य'. मला काही ठिकाणी तर धोका नेमका सूचनांपासून आहे की सौजन्यापासून, हे पटकन लागत नाही. घरीही तेच. ओटीपी कुणालाही सांगू नका असे इतके संदेश दिवसाला येतात, की त्यांच्या गर्दीत खरा ओटीपी सापडत नाही.

इथपर्यंत हसायला हरकत नव्हती. पण या गर्दीत एखादी पाटी खरं बोलत असते, आणि ती ओळखायची कशी?

१५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत कोसळला. पाऊस झाला होता, पाणी बघायला लोक जमले होते, पुलावर गर्दी झाली होती. चौघे गेले, पन्नासांहून जास्त जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. नवा पूल मंजूरही झालेला होता. सगळीकडून तेच सांगण्यात आलं, की पाटी होती. मी वर लिहिलेली जमाखर्ची नोंद विनोदासाठी केली होती. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ती तशीच्या तशी वाचायला मिळाली. त्या दिवशी पुलावर उभ्या असलेल्या माणसांना कुणी बेफिकीर म्हणतात. असतीलही त्यांतले काही. पण ती माणसं घरून निघाल्यापासून तिथवर किती पाट्या ओलांडून आली असतील? वाहने सावकाश हाका, अपघातप्रवण क्षेत्र, येथे कचरा टाकू नये, खोल पाणी, सेल्फी काढू नये. प्रत्येक पाटी ओलांडली आणि प्रत्येक वेळी काही झालं नाही. पाटीवर विश्वास ठेवू नये हे त्यांना पाट्यांनीच शिकवलेलं होतं. आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी माणूस शिरणार नाही अशी भिंत घालायला किती विटा लागल्या असत्या, याचा हिशेब मला करता येतो. मी केला नाही.

जुलै २०२५ मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा गड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, सगळे मानाचे. बातमी वाचून ऊर भरून आला, आणि पाठोपाठ मनात आलं, की आता प्रत्येक पायथ्याशी आणखी किमान चार भाषांत पाट्या वाढणार.

आमच्या खातेदारालाही तेच सुचलेलं होतं. परवा तो हप्ता भरायला आला होता. त्याचा हप्ता कधी थकत नाही. पावसाळ्यात तर दोन दिवस आधीच येतो. पावती होईपर्यंत त्यानं हॉलमध्ये नजर फिरवली. दोरीनं बांधलेलं पेन, नोटा मोजून घ्यायची ती पाटी, आणि कोपऱ्यात छताच्या गळतीखाली ठेवलेली बादली.

"साहेब, तुमच्याकडे भिंती फार मोकळ्या आहेत हो," तो म्हणाला. "त्या बादलीपाशी 'फरशी निसरडी आहे' अशी एक करून देतो. साइज मोठी घ्या, मजकूर कितीही घाला."

मॅनेजरसाहेबांना कल्पना पसंत पडली. त्यांनी दोन मागवल्या, एक मराठी आणि एक हिंदी. त्या सोमवारी लागल्या. गळतीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव विभागीय कार्यालयात गेलेला आहे, आणि बादली मी रोज साडेअकराला रिकामी करतो.